गाडी उंच केली, ब्रेकला कोण सांगणार?

श्रीनगर आणि मनाली या दोन्ही बाजूंचे रस्ते मोकळे झाले, की लेहमध्ये गाड्यांची जत्रा भरते. नंबरप्लेटवर एमएच दिसलं की मान आपोआप वळते. पुणे, कोल्हापूर, नाशिक, सगळीकडची पोरं येतात. थार असते, जुनी जिप्सी असते, बोलेरो असते. त्यातल्या बऱ्याच गाड्या कंपनीतून आल्या तशा नसतात, दोन इंच किंवा चार इंच उचललेल्या असतात. बोलायला गेलं की मालक हौसेने फिरून गाडी दाखवतो. पाटे कुठले, शॉकअप कुठले, टायरचा साइज काय, पुढचा बंपर कुणी बनवला, सगळं सांगतो. मी ऐकून घेतो आणि एकच प्रश्न विचारतो: ब्रेकचं काय केलंत?

उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "ब्रेकला काय करायचं? ब्रेक मस्त लागतात."

हा लेख त्या उत्तराविषयी आहे. गाडी उंच करू नका, असं मी म्हणणार नाही. दगडधोंड्यांतून आणि नाल्यांतून गाडी घालायची तर पोटाखाली जागा लागते, हे मलाही कळतं. पण माझं ठाम मत असं, की नवे पाटे बसले म्हणून उंच करण्याचं काम संपत नाही. नव्या उंचीप्रमाणे ब्रेक तपासून लावून घेतले की ते संपतं. तेवढं करायची तयारी नसेल तर गाडी आहे त्या उंचीवर राहू द्यावी. मत माझं एकट्याचं आहे, खात्याचं नाही.

आता हे का म्हणतो ते सांगतो. थोडं गाडीखाली शिरावं लागेल.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की आपण पुढे जातो, तसंच. पुढची चाकं रस्त्यावर दाबली जातात आणि मागची हलकी होतात. हलक्या चाकाला जोरात ब्रेक लागला तर ते फिरायचं थांबतं आणि घसरू लागतं. मागची चाकं पुढच्यांच्या आधी घसरली तर गाडीचं शेपूट बाजूला जातं आणि गाडी स्वतःभोवती फिरते. म्हणून गाडी बनवणारे मागच्या ब्रेकचा दाब मुद्दाम कमी ठेवतात.

पण किती कमी ठेवायचा? रिकाम्या गाडीला एक माप आणि भरलेल्या गाडीला दुसरं. मागे चार पोती सिमेंट टाकलं तर मागच्या चाकांवर वजन येतं, ती सहज घसरत नाहीत. अशा वेळी मागच्या ब्रेकनेही आपला वाटा उचलला पाहिजे, नाहीतर सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. यासाठी एबीएस नसलेल्या अनेक जीप, पिकअप आणि एसयूव्हींमध्ये मागच्या एक्सलच्या वर, चासीला एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला कुणी एलएसपीव्ही म्हणतं, कुणी एलसीआरव्ही. काम एकच: मागचं ओझं ओळखायचं आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब सोडायचा.

ओझं तो कसं ओळखतो? त्याच्याजवळ वजनकाटा नाही. त्याच्यापासून एक आर्म निघतो आणि दांडीने किंवा स्प्रिंगने तो खाली एक्सलला जोडलेला असतो. मागे वजन पडलं की पाटे दबतात आणि चासी एक्सलच्या जवळ येते. आर्म वर ढकलला जातो, व्हॉल्व्ह समजतो की गाडी भरली आहे आणि दाब वाढवून देतो. वजन उतरलं की चासी वर जाते, आर्म खाली येतो आणि व्हॉल्व्ह समजतो की गाडी रिकामी झाली. पायाचा दाब हलका असेपर्यंत पुढचे-मागचे ब्रेक साधारण बरोबरीने चालतात. दाब एका मर्यादेपुढे गेला की व्हॉल्व्ह मागच्या बाजूला आखडता हात घेतो. ही मर्यादा कुठे यावी हे तो आर्म ठरवतो. म्हणजे चासी आणि एक्सल यांच्यातलं अंतर हीच या व्हॉल्व्हची अक्कल. दुसरं काही त्याला कळत नाही.

आता गाडी दोन इंच उचला. चासी एक्सलपासून पाच सेंटिमीटर दूर गेली. आर्म तेवढा खाली ओढला गेला. आपल्याला माहीत आहे की पाटे बदललेत, व्हॉल्व्हला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या दृष्टीने गाडी रिकामीपेक्षाही रिकामी झाली. समजा मूळ पाटे मागे शंभर किलो टाकल्यावर एक सेंटिमीटर दबत होते. मग पाचशे किलो भरल्यावर ते पाच सेंटिमीटर दबायचे. नव्या गाडीत तेवढंच दबलं तरी आर्म कुठे येईल? जिथे तो पूर्वी रिकाम्या गाडीत असायचा तिथे. गाडी गच्च भरलेली आहे आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीच्या हिशेबाने चालले आहेत.

गेल्या मोसमात साउथ पुल्लूच्या चौकीजवळ अशी एक गाडी पाहिली. खारदुंग ला उतरून आली होती. आत चौघे जण, टपावर सामान, मागे डिझेलचे कॅन. पुढच्या दोन्ही चाकांतून जळका वास येत होता आणि पेडल खाली जातंय अशी तक्रार होती. आमच्याबरोबर साताऱ्याकडचा एक हवालदार होता, व्हेइकल मेकॅनिक. त्याने आधी पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. मग मागच्या ड्रमजवळ हात नेला आणि तिथेच ठेवला. ड्रम कोमट होता. तो गाडीखाली शिरला, दोन मिनिटांनी बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाला, "साहेब, आर्म खाली लोंबतोय. मागच्या ब्रेकला वाटतंय गाडी रिकामीच हाय." गाडी उंच करून महिना झाला होता. बिलात पाटे, शॉकअप, यू-बोल्ट, मजुरी, सगळं होतं. ब्रेकचा एक शब्द नव्हता. तासभर गाडी थंड होऊ दिली आणि मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू लेहला उतरवली. कुणाला काही झालं नाही. पण त्या चौघांचं नशीब चांगलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

मग हे आधी कुणाच्याच लक्षात कसं येत नाही? कारण ज्या ठिकाणी गाडीची चाचणी होते तिथे हा दोष दिसत नाही. गॅरेजमधून गाडी निघते, मिस्त्री हायवेवर एक चक्कर मारतो. गाडी रिकामी, रस्ता सपाट, वेग साठ. दोन-तीनदा ब्रेक मारतो, गाडी थांबते. थांबणारच. रिकाम्या गाडीत मागच्या ब्रेकचा वाटा तसाही कमी असतो आणि पुढचे डिस्क तेवढं काम सहज करतात. दोष कळायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: भरलेली गाडी, लांब उतार आणि वारंवार ब्रेक. या तिन्ही गोष्टी घराजवळ एकत्र येत नाहीत, लडाखला येतात. किंवा पावसाळ्यात आंबेनळी नाही तर वरंधा घाटात येतात.

उताराचा हिशेब एकदा मांडून पाहावा. खारदुंग ला सुमारे ५,३६० मीटरवर आहे, लेह ३,५०० मीटरच्या आसपास. म्हणजे चाळीसेक किलोमीटरमध्ये जवळपास १,८५० मीटर खाली यायचं. दोन टनांची भरलेली गाडी एवढी खाली येते तेव्हा साडेतीन कोटी ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. घरगुती भाषेत सांगायचं तर दहा अंशांचं सुमारे ९५ लिटर पाणी शंभर अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी. शहाणा ड्रायव्हर यातला मोठा वाटा खालच्या गिअरमध्ये इंजिनवर टाकतो, थोडा वाऱ्यावर जातो. उरलेला ब्रेकवर येतो. तो चार चाकांत वाटायचा की दोन चाकांत, हे तो लोंबता आर्म ठरवतो.

दोनच चाकांनी सगळं सोसलं तर आधी पॅड तापतात आणि त्यांची पकड कमी होते. त्यापुढे ब्रेक ऑईलची पाळी येते. डॉट ३ प्रतीचं नवं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे, डॉट ४ चं २३०. पण हे ऑईल हवेतला ओलावा शोषतं. मुरलेल्या ऑईलसाठी हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ इतके खाली येतात. दोन-तीन पावसाळे काढलेलं ऑईल आणि लाल होत आलेली डिस्क एकत्र आली, की पाईपात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. म्हणून पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी तशीच पुढे जात राहते.

लडाखमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी मैदानातल्या माणसाला कुणी सांगत नाही. बहुतेक गाड्यांचा ब्रेक बूस्टर एका बाजूला निर्वात आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, या दोन्हींतल्या फरकावर चालतो. खारदुंग लावर बाहेरच्या हवेचाच दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. म्हणजे बूस्टरची मदतही जवळजवळ निम्मी. पेडल जड लागतं, तेवढाच ब्रेक लागायला पाय जास्त दाबावा लागतो. धडधाकट गाडीत हे निभावून जातं. ज्या गाडीचे मागचे ब्रेक अर्धे झोपलेले आहेत, तिच्याजवळ निभावून न्यायला फारसं शिल्लक नसतं.

उंच गाडीला बहुधा मोठे टायरही येतात. २९ इंचांचे काढून ३१ इंचांचे बसवले तर चाकाचा व्यास सुमारे सात टक्क्यांनी वाढला. ब्रेक तोच, पायाचा जोर तोच, पण चाक मोठं झाल्यामुळे रस्त्यावर मिळणारी अडवणूक सात टक्क्यांच्या आसपास कमी. टायरचं वजन वाढलं ते वेगळं. म्हणजे पुढच्या ब्रेकवर आधीच जास्तीचं काम आलं होतं, त्यात ही भर.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, मग सोपं आहे, तो आर्म वर उचलून तारेने बांधून टाकू. हा जुगाड मी पाहिला आहे. काही जण तर व्हॉल्व्हच काढून पाईप थेट जोडतात आणि वर सांगतात की ब्रेक आता "एकदम कडक" झाले. माझ्या मते हा इलाज मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे. आर्म वर बांधला की व्हॉल्व्हला कायम वाटतं गाडी गच्च भरली आहे. रविवारी रिकामी गाडी घेऊन पावसात बाहेर पडलात, समोर म्हैस आली, जोरात ब्रेक मारला, की हलकी झालेली मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. आधीच्या दोषात गाडी उशिरा थांबते. या दोषात ती तोंड फिरवते, तेही ज्या क्षणी ड्रायव्हरला सरळ राहायची सर्वांत जास्त गरज आहे तेव्हा.

उंच केलेल्या गाडीत तर हा धोका अंमळ वाढतो. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला की ब्रेक मारताना पुढे झुकणारं वजनही वाढतं. १,६०० किलोची गाडी, पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आणि बऱ्यापैकी जोराचा ब्रेक, असं धरलं तर मागून पुढे साधारण २८० किलो वजन सरकतं. तोच मध्य ७५ सेंटिमीटरवर गेला तर ३०० किलो. आकडा फार मोठा नाही, पण दिशा लक्षात घ्या: मागची चाकं आणखी हलकी होतात. म्हणजे उंच गाडीला मागच्या ब्रेकचा दाब अंदाजाने वाढवून चालत नाही. कमी पडला तरी मार, जास्त झाला तरी मार. मधली जागा मोजूनच सापडते.

मग करायचं काय? काम अवघड नाही, चिकाटीचं आहे.

पहिलं, जुने पाटे काढायच्या आधी मोजमाप घ्या. गाडी सपाट जागी, रिकामी, टायरमध्ये बरोबर हवा. मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका ठरावीक जागेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. व्हॉल्व्हचा आर्म कोणत्या कोनात आहे त्याचा फोटो घ्या. एकदा पाटे उतरले की मूळ स्थिती पुन्हा दिसत नाही. नंतर सगळेच अंदाज बांधतात.

दुसरं, नवे पाटे बसल्यावर गाडी चार-पाचशे किलोमीटर चालवून पाटे बसू द्या, मग पुन्हा मोजा. तोपर्यंत गाडी रिकामी आणि सपाटीवर. किती उंची खरोखर वाढली ते आता कळेल. तेवढ्याच उंचीची पट्टी एक्सलकडच्या बाजूला द्या, किंवा दांडी लांब करा, किंवा ज्या व्हॉल्व्हला सरकवायच्या खाचा आहेत तो खाली आणा. हेतू एकच: रिकाम्या गाडीत आर्म पुन्हा मूळ जागी यावा. जुन्या टोयोटांसाठी अशी तयार ब्रॅकेट मिळतात. इतर गाड्यांसाठी लेथवाला बनवून देतो. पण ती पट्टी सहा मिलिमीटरच्या नीट लोखंडाची हवी, वाकवलेल्या पत्र्याची नको.

तिसरी गोष्ट जाणकारही विसरतात. उंच करणारे पाटे बहुधा मूळ पाट्यांपेक्षा कडक असतात. मूळ पाटे तीनशे किलोला तीन सेंटिमीटर दबत होते, नवे समजा दोनच दबतात. रिकाम्या गाडीत आर्म अगदी बरोबर आहे, पण तीनशे किलो भरल्यावर व्हॉल्व्हला दोनशेच दिसतात. पट्टीने सुरुवात जुळली, पुढचं माप जुळलं नाही. म्हणून तपासणी रिकाम्या गाडीवर थांबवू नये. मागे ठरावीक वजन ठेवून पुढच्या आणि मागच्या ब्रेक लाइनला प्रेशर गेज लावायचा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून पाहायचा. मोठ्या गॅरेजांत हे गेज असतात. तुमच्या मिस्त्रीकडे नसतील तर ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे जा. पाट्यांवर एवढा खर्च केल्यावर या एका तपासणीला पैसे नाहीत, हे पटण्यासारखं नाही.

चौथं, रबरी होज. मागची चाकं लोंबकळतील अशी गाडी चासीवर उचला. आता एक्सल सर्वांत खाली असेल. अशा वेळी होज ताणला जात असेल तर तो एक दिवस खड्ड्यात चाक लटकल्यावर निसटणार. पुढची चाकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवूनही पाहा. लांब होज बसवा आणि नंतर लाइनमधली हवा नीट काढा. हवा काढताना व्हॉल्व्हचा आर्म सांगितलेल्या जागी असावा लागतो, तेही मॅन्युअलमध्ये असतं. हँडब्रेकची केबल याच वेळी तपासावी. उंच गाडीत ती ताणली जाते आणि मागचे लायनर अर्धवट घासत राहतात, किंवा चढावर उभी केलेली गाडी सरकते.

पाचवं, नव्या गाड्या. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाड्यांत पुढचं-मागचं वाटप चाकांचा वेग बघून संगणक करतो, म्हणून हा दांडीचा व्हॉल्व्ह सहसा नसतो. त्यावरून निश्चिंत होऊ नका. चाकाजवळच्या सेन्सरची वायर होजसारखीच ताणली जाते. ती तुटली की एबीएस बंद आणि ते वाटपही बंद पडू शकतं. मीटरवरचा पिवळा दिवा टेप लावून झाकणारे महाभाग मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहितो.

या सगळ्यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला: "साहेब, तुमच्या फौजेच्या गाड्याही उंचच असतात की." असतात. पण ज्या उंचीला ती गाडी बनली त्याच उंचीला तिचे ब्रेक, होज आणि पाटे ठरवलेले असतात. शिवाय गाडी बाहेर पडायच्या आधी फर्स्ट परेड होते, वाटेत हॉल्ट परेड, परत आल्यावर लास्ट परेड. दर वेळी कुणीतरी गाडीखाली वाकतो. ड्रायव्हर वीस वर्षांचा जुना असला तरी त्याला यातून सूट नाही. फौजी गाडीचा रंग आणि उंची सगळ्यांना हवी असते, हे वाकणं कुणाला नको असतं.

दुसरा आक्षेप: "गाडी माझी, जीव माझा." हे मला सर्वांत कमी पटतं. ज्यांना शंका असेल त्यांनी उन्हाळ्यात लडाखचा कुठलाही रस्ता बघावा. वळणावळणावर माणसं काम करत असतात. झारखंडहून आलेले मजूर, डोक्याला फडकं, नाकावर फडकं, हातात फावडं, डांबराच्या धुरात उभे. गाडी आली की ते कड्याला किंवा दरीला चिकटून उभे राहतात. दुसरीकडे जायला त्यांना जागाच नसते. तुमच्या गाडीचं पेडल खाली गेलं तर तुमच्याभोवती निदान पत्रा आणि एअरबॅग आहे, त्यांच्यापुढे फावडं आहे. ज्या रस्त्याने तुम्ही हौसेला येता तो त्यांनी केलेला आहे. त्यांना आपल्या ब्रेकच्या भरवशावर उभं करायचं असेल तर त्या ब्रेकची खात्री करणं हे आपलं देणं लागतं.

कायद्याबद्दलही बोललं पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळहून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. म्हणजे उंच केलेली गाडी रस्त्यावर आणणाऱ्याने आधी आपण कायद्याच्या कुठल्या बाजूला उभे आहोत हे विचारून घ्यावं. अपघात झाला तर विमा कंपनी तो प्रश्न विचारणारच.

कायदा पाळलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण जमिनीवर काय चाललंय तेही दिसतं. बंदी असली तरी काम होतंच, फक्त चोरून होतं. गॅरेजवाला पक्कं बिल देत नाही, बदलाची नोंद कुठेच होत नाही, आणि जे काम कागदावर नाही त्याची तपासणी कुणी करत नाही. ऑस्ट्रेलियात ठरावीक मर्यादेपुढे गाडी उंच केली तर मान्यताप्राप्त अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडेही अशी वाट असावी असं मला वाटतं: ठरावीक उंचीपर्यंत परवानगी, पण ब्रेकची चाचणी रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही गाडीवर झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. जो चाचणीला येणार नाही त्याला मग खुशाल दंड करा. आज दोघांनाही एकाच काठीने हाकलं जातं. नीट करणाऱ्याला त्याचं श्रेय नाही आणि निष्काळजी माणूस गर्दीत लपतो.

ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत गॅरेजवाल्यांकडून माझी एक अपेक्षा आहे. पाटे आणि शॉकअप विकताना ब्रेकचं काम वेगळं, ऐच्छिक म्हणून विकू नका. एकाच कामाचे दोन भाग आहेत हे गिऱ्हाइकाला सांगा. तो म्हणाला, "ब्रेकचं नंतर बघू," तर पाटेही नंतरच बसवा. एखादं गिऱ्हाईक जाईल. पण गाडी तुमच्या दारातून निघताना कशी थांबते याची जबाबदारी तुमचीही आहे, आणि चांगले मिस्त्री हे न सांगता मानतात. असे मिस्त्री मला पठाणकोटला भेटले आहेत, तेजपूरला भेटले आहेत. त्यांची गॅरेजं लहान होती आणि भिंतीवर फोटो नव्हते.

आणि ज्यांनी गाडी आधीच उंच केली आहे, त्यांच्यासाठी: या रविवारी टॉर्च घ्या आणि मागच्या एक्सलच्या वर बघा. आर्म दिसला तर तो कुठल्या कोनात आहे ते पाहा. लोंबत असेल, तारेने बांधलेला असेल किंवा जागेवर नुसते दोन पाईप जोडलेले असतील, तर लडाखची तारीख पुढे ढकला. खिंडी कुठे जात नाहीत. पुढच्या उन्हाळ्यातही त्या तितक्याच उंच असतील.